भिंतीची ओल आणि आपला श्वास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, माझी मजल सातवीपर्यंतची, मी काय बोलणार? त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या खोकल्यावर बोला. तो सगळ्या गल्लीने ऐकला आहे." म्हणून आज खोकल्यावरच बोलते.

बुरशी आपल्या ओळखीची आहे. लोणच्यात ओला चमचा गेला की येते, श्रावणात कपाटातल्या चामडी चपलांवर येते. तिथे दिसली की आपण नाक मुरडून टाकून देतो. पण तीच भिंतीवर आली, की तिच्यावर कॅलेंडर लावतो!

कोणी म्हणेल, ओल कोकणात. आपल्या गावी वर्षाचा पाऊस तो केवढा, ७०० मिलिमीटरच्या आसपास. खरे आहे. पण आपल्याकडची ओल आभाळातून कमी आणि साठवलेल्या पाण्यातून जास्त येते. पैठणच्या नाथसागराचे पाणी नळाला रोज येत नाही, हे आपण वर्षानुवर्षे भोगले. पाणी येईल त्या दिवशी हौद, पिंपे, घागरी, जे भरेल ते भरून ठेवायचे, आणि तेही घरातच. आमच्या भाड्याच्या घरात सिमेंटचा हौद स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून बांधलेला होता. आम्ही राहायला येण्याच्या आधीपासूनचा. त्या भिंतीच्या पलीकडे माझी निजायची खोली. खाली हातभर उंचीपर्यंत काळे ठिपके आणि कुबट वास. घरमालक दर दिवाळीला त्यावर ऑइलपेंटचा हात मारून देत. पुढच्या आषाढापर्यंत पापुद्रे सुटत आणि ठिपके पुन्हा हजर.

२०२२ च्या पावसाळ्यात मला पहाटे शिंका सुरू झाल्या. मग नाक बंद, मग खोकला. दिवाळीपर्यंत छातीत शिट्टी वाजू लागली. रात्री उशाला दोन तक्क्ये घेऊन बसून झोपायची. काढे झाले, वाफारे झाले, मधातून सितोपलादी झाले. एकदा माहेरी वैजापूरकडे पंधरा दिवस गेले, तर आठ दिवसांत खोकला निम्मा. परत आले आणि तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "माहेरी बरी असते आणि इथे आजारी पडते. कामाचा कंटाळा, दुसरे काय!" मी गप्प राहिले. भगिनींनो, दम लागण्यापेक्षा ते बोलणे मला जास्त लागले. कारण ते वरवर खरेच दिसत होते.

नंतर छातीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नळीत जोराने फुंकायला लावले. मग विचारले, "कुठे गेल्यावर बरे वाटते?" मी भीत भीत माहेरचे सांगितले. त्या एकदम म्हणाल्या, "हेच हवे होते! मग दोष त्या घरात आहे." ज्या गोष्टीने मी घरात खोटी ठरले होते, तीच गोष्ट तिथे पुरावा ठरली. पुढे हातावर बारीक टोचून तपासणी केली, तेव्हा बुरशीच्या ठिपक्याशी गांधी उठली. सोबत हे होते, त्यांनी ती पाहिली, आणि घरी येऊन आईंना आपण होऊन सांगितली.

त्यांनी मला समजावले ते असे. बुरशीचे बी डोळ्यांना न दिसणारे, ते हवेत सगळीकडेच असते. सगळ्यांच्याच नाकात जाते. भिंत एक-दोन दिवस ओली राहिली की तिथे ते रुजते, आणि मग बंद खोलीत त्याचा सुकाळ होतो. बहुतेकांना काही होत नाही. काहींचे शरीर मात्र त्याला शत्रू समजते आणि श्वासाच्या नळ्या आकसतात. ज्यांना दमा आहे त्यांचा दमा वाढतो. हा स्वभावाचा दोष नव्हे की कामचुकारपणा नव्हे. आणि घरात वीस-वीस तास कोण असते? आपणच. म्हणून आपल्याला आधी कळते.

इथे एक भीती काढून टाकते. २०२१ साली करोनानंतर आपल्या मराठवाड्यात पुष्कळांना 'काळी बुरशी' झाली, कित्येकांचे डोळे गेले. त्यामुळे माझ्या भिंतीचे नाव निघताच शेजारच्या दोघी यायच्या बंद झाल्या. तो रोग वेगळा. तो मुख्यतः साखरेच्या आणि जबर औषधे घेऊन अशक्त झालेल्या रोग्यांना होतो, आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. माझा खोकलाही कोणाला लागत नाही.

आता भिंतीकडे वळू. नुसता रंग म्हणजे गळूवर पावडर. आधी पाणी कुठून येते ते शोधायचे. प्लास्टिकचा एक कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक-दोन दिवस ठेवावा. मागच्या अंगाला पाणी धरले तर ओल भिंतीतून येते, पुढच्या अंगाला धरले तर खोलीतल्या वाफेची आहे. आमच्याकडे मागच्या अंगाला. घरमालक आधी मानेनात. तिकडे इंग्लंडात रॉचडेल गावी २०२० साली ओलीच्या घरात दोन वर्षांचे मूल दगावले, तेव्हापासून तिथे सरकारी भाडेकरूंच्या घरांतली ओल मुदतीत काढण्याचा कायदा झाला आहे. आपल्याला असा कायदा कुठून! आम्ही डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणि तो ओला कागद दोन्ही नेऊन दाखवले. हौद फोडायला त्यांनी होकार दिला, खर्च निम्मा निम्मा.

हौदाऐवजी अंगणात चौथऱ्यावर टाकी आली. गिलावा विटेपर्यंत खरवडला, आणि चैत्र-वैशाख दोन महिने भिंत उघडीच ठेवली. लोक हसले, पण आपले ऊन फुकटचे आहे, ते वापरावे. ते काम चालले तेव्हा मी माहेरी होते, तशी डॉक्टरांची ताकीदच होती. बुरशी कोरड्या झाडूने कधी झाडू नये, सगळे बी उडते. तोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने ओल्या कापडाने पुसावी. ब्लीचिंग आणि संडासाचे ॲसिड एकत्र करू नये, विषारी धूर निघतो.

वेरूळच्या लेण्यांच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे आपल्याच विद्यापीठातील एक प्राध्यापक आणि पुरातत्त्व खात्याचे एक तज्ज्ञ यांनी २०१६ साली दाखवून दिले. त्यामुळे ओल-कीड कमी लागली असे त्यांचे म्हणणे. अजिंठ्याला तर चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात, कारण श्वासाच्या वाफेने चित्रे बिघडतात. चित्रांसाठी एवढी काळजी! आमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, भाताचे आधण, वाळत घातलेले कपडे, सगळे एकाच खिडकीवर चालते, ते कोण मोजते?

मला आता बरे आहे. अगदी गेले नाही. सकाळ-संध्याकाळ पंप घ्यावा लागतो. पंपाची सवय लागते असे म्हणतात, त्यात तथ्य नाही. घेतल्यावर चूळ मात्र भरावी, नाहीतर तोंडातच पांढरी बुरशी यायची. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवली. कूलरचे गवत दरवर्षी बदलते आणि उन्हाळा संपताच तो कोरडा करून ठेवते. माळ्यावरची ट्रंक मुले उघडतात. कुणाकडे हळदीकुंकवाला गेले आणि खोली कोंदट असली, की मी दाराशीच बसते. काहींना तो मोठेपणा वाटतो, तो दम आहे.

जाता जाता एक विनंती. मंडळाच्या कोठीतल्या सतरंज्या गेल्या पावसाळ्यापासून गुंडाळलेल्या आहेत, आणि कोठीच्या उत्तरेच्या भिंतीवर हातभर काळे आले आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता त्या गच्चीवर उन्हात टाकू. ज्यांना सवड असेल त्यांनी यावे. तोंडाला बांधायची फडकी मी धुऊन आणीन, चहाही करीन. सतरंज्या झटकायचे काम मात्र मला सांगू नका.