पोरीचं नाव एमेशे



समजा, देवळाली प्रवरातल्या एखाद्या घरचा मुलगा नोकरीसाठी बुडापेस्टला आहे. इकडं त्याला मुलगी झाली आणि तिकडून फोन आला, पोरीचं नाव 'एमेशे' ठेवा. आजी म्हणेल, "हे कसलं गं बाई नाव?" आत्याला वेगळाच घोर, कारण बारशाला कुर्र करून कानात सांगायचं तिलाच. काका म्हणतील, शाळेत पोरं चिडवतील.

मला विचाराल तर खुशाल ठेवा. एमेशे म्हणजे हंगेरीच्या दंतकथेतली आर्पाद राजघराण्याची मूळ आई. तोंडात बसायलाही सोपं, एक जोडाक्षर नाही. 'गंगे', 'रमे' अशा हाका मारणाऱ्या आजीला तर हे नाव हाकेच्या रूपातच मिळालंय!

विचित्र नावांचं आपल्याला काय नवल? मूल जगावं म्हणून दगडू, धोंडू आपणच ठेवले. मला सलते ती 'नकुशी'. मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून नकुशी. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा दोनशेहून जास्त मुलींची नावं बदलली. त्यापुढं परदेशी नाव परवडलं.

हंगेरीत मान्य नावांची यादी असते. यादीबाहेरचं हवं तर अर्ज करायचा, मग भाषातज्ज्ञ मत देणार. परकं नाव असेल तर ते हंगेरियन उच्चाराप्रमाणे लिहायचं. आपल्याकडं अशी यादी नाही, पण घोळ होतो स्पेलिंगात. हंगेरियनमध्ये नुसत्या 'एस'चा उच्चार 'श'. तिकडचं स्पेलिंग दाखल्यावर चढलं की आधारवर 'एमेसे' होणार, शाळेत आणखी तिसरंच. मग राजपत्रात नाव दुरुस्त करायला पळा. त्यापेक्षा 'एस'पुढं 'एच' आत्ताच घाला, बुडापेस्टवाले हसले तर हसू देत.

घाईही करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, ती नगरपरिषदेत करून टाका. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते. वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं.

आणि एक. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्यात लागू आहे. म्हणजे एमेशेला लागून आईचं नाव येणार. आजी बोलली, आत्या बोलली, काका बोलले, बापानं फोन केला. बाळंतिणीला अजून कुणी विचारलेलं नाही. पाळणा बांधायच्या आधी तेवढं विचारून घ्या.