आजीची प्रेमकथा
(महोत्सवप्रसंगीं दिलेलें भाषण)



आमच्या या पाबळ गांवीं मस्तानीची समाधि आहे. ती १७४० सालीं वारली. परंतु तिची व बाजीरावांची प्रीति अद्याप घरोघर सांगितली जाते, आणि सांगणारी बहुधा घरांतील वडील बाईच असते. प्रेमकथा वाचणें ख्रिस्ती कन्येस शोभत नाहीं, असें कांहीं सज्जन आम्हांस कळवितात. त्यांनीं पवित्र शास्त्रांतील रूथचे चार अध्याय वाचावे.

रूथ ही मवाबी विधवा. सासूस न सोडतां ती बेथलेहेमास आली व बवाजाच्या शेतांत सरवा वेंचूं लागली. पुढें रात्रीं खळ्यावर त्याच्याकडे जाण्याची मसलत तिला कोणी दिली? सासूनें, नामीनें! एका विधवेनें दुसरीचा संसार उभा केला. आणि मूल झालें तेव्हां शेजारणी म्हणाल्या, हा नामीलाच पुत्र झाला. संत मत्तयानें प्रभूच्या वंशावळींत रूथचें नांव घातलें आहे.

मराठींत असा यत्न १८५७ सालीं बाबा पदमनजींनीं 'यमुनापर्यटन' लिहून केला. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीं झाला होता. बाबा आमच्या पंथाचे नव्हत, आणि पुस्तकांत उपदेश अंमळ फार आहे हें आम्ही कबूल करतों. तरी पति पत्नीस बरोबर घेऊन प्रवास करतो व तिच्याशीं बरोबरीनें बोलतो, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. यमुना वाटेंत एकामागून एक विधवांच्या कहाण्या ऐकते. शेवटीं तेंच दुःख तिच्या दारीं येतें. पुढें ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते.

आणि कल्पित कशाला? शेजारच्या दौंड तालुक्यांतील केडगांव पाहा. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविलें. त्या माउलीनें तें कन्येस दिलें. ती कन्या पंडिता रमाबाई. १८८० मध्यें त्यांनीं परजातीच्या बंगाली गृहस्थाशीं, बिपिनबिहारी मेधावींशीं, विवाह केला. दोन वर्षांतच वैधव्य आलें. १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांचा व बालिका मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. मनोरमाबाई मोठ्या होऊन आईच्या कार्यांत राबल्या, आणि १९२१ सालीं आईच्या आधीं गेल्या. पुढल्याच वर्षीं रमाबाईही गेल्या. कोणा कादंबरीकारानें हें रचलें असतें तर आम्ही त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

या पुस्तिकेंत धर्मगुरूंच्या तसबिरी आहेत, देणगीदारांचीं नांवें आहेत. आपल्या आज्यांविषयीं मात्र फारसें नाहीं. वेदीपुढें आम्ही वधूस विचारतों, तूं आपखुशीनें आलीस काय? तिच्या संमतीवांचून विवाह होतच नाहीं. कित्येकदां मुलगी आधीं आईकडे पाहते, मग उत्तर देते; आणि आमच्या मनांत येतें, या आईनें तरी त्या दिवशीं कोणाकडे पाहिलें असेल?

म्हणून ज्या मुलींचीं लग्नें यंदा ठरलीं आहेत, त्यांनीं आधीं एक दुपार आजीजवळ बसावें, तिची हकीकत विचारून लिहून काढावी, आणि मगच आमच्याकडे नांव नोंदविण्यास यावें.