कामाचा आवाका
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणगौरव-समारंभप्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आम्हांस पडला नाही. शिक्षणनिधीतून गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीस जे साह्य देण्यात आले, त्याविषयी ज्ञातीत पुष्कळ उलटसुलट बोलणे झाले. "सहा मिनिटांचा चित्रपट करते म्हणून सांगितले, आणि केला दोन मिनिटांचाही नाही, शिवाय त्यात माणसेच नाहीत," असा आक्षेप होता. आक्षेप घेणाऱ्यांत आम्ही स्वतः पुढे होतो. तेव्हा खुलासा करण्याचे कामही आमच्याकडेच यावे हे न्यायाचे आहे. त्या मुलीचे नाव तिच्याच विनंतीवरून येथे घेत नाही. आळीतल्या बहुतेकांस ते ठाऊक आहेच.

विषय अनेकांस नवा असल्याने प्रथम थोडी फोड करणे अवश्य आहे. ॲनिमेशन म्हणजे हाताने काढलेल्या चित्रांचा चित्रपट. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. प्रत्येक चित्र दोनदा दाखवून भागवले तरी सेकंदास १२ चित्रे काढावी लागतात. सहा मिनिटांचे सेकंद ३६०. म्हणजे चित्रे झाली ४,३२०. एकट्या विद्यार्थिनीने रोज २४ चित्रे हातावेगळी केली, तरी त्यांस १८० दिवस हवेत. हा हिशेब फक्त हलणाऱ्या आकृतींचा झाला. त्या आकृतींच्या पाठीमागे जे स्थिर चित्र असते, म्हणजे घर, ओटा, रस्ता, आभाळ, त्यास पार्श्वचित्र म्हणतात. तिच्या आराखड्यात ६० दृश्ये होती, आणि दर दृश्यास निराळे पार्श्वचित्र. एकास तीन दिवस धरले तर आणखी १८० दिवस. एकूण ३६० दिवसांचे काम, आणि हाती आषाढापासून चैत्रापर्यंतचे नऊ महिने. त्यांतही कॉलेजचे इतर विषय, परीक्षा, सणवार.

काळ, काम आणि वेगाची उदाहरणे आम्ही तीस वर्षे फळ्यावर घातली. तरी निधीसमितीत बसून हा अर्ज मंजूर करताना हे उदाहरण आम्हांस सुचले नाही. मुलीनेही ते मांडले नव्हते. तिच्या कथेत आजोबा होते, नात होती, गळका बंब होता, पालखीची मिरवणूक होती, पावसाची रात्र होती. आम्ही सर्वांनी ती कथा ऐकून माना डोलावल्या आणि पहिला हप्ता दिला.

दिवाळीपर्यंत साठांपैकी सात दृश्ये तयार झाली.

असे होणे हे काही तिच्याच वाट्यास आले नाही. इंग्लंडात निक पार्क या विद्यार्थ्याने १९८२ साली चित्रपटशाळेत असताना मातीच्या बाहुल्यांचा 'अ ग्रँड डे आउट' हा चित्रपट आरंभिला. मूळ कल्पनेतील कितीतरी भाग त्यास वाटेत सोडून द्यावा लागला, पुढे एका चित्रपटसंस्थेचा आधार मिळाला, आणि २३ मिनिटांचे ते काम १९८९ साली पुरे झाले. त्याचे नाव पुढे जगभर झाले ही गोष्ट निराळी. सात वर्षे वाट पाहण्याइतका आपला निधी सधन नाही आणि विद्यापीठही थांबत नाही.

दिवाळीनंतर तिच्या अध्यापकांनी तिला बोलावून घेतले. हा प्रसंग आम्हांस तिच्या वडिलांकडून कळला. अध्यापकांनी तिची सगळी चित्रे टेबलावर मांडली आणि विचारले, यांपैकी कोणती काढताना तुला वेळेचे भान राहिले नाही? तिने बोट ठेवले ते आळीच्या चित्रांवर. चालणारी नात, हात हलवणारे आजोबा, ही चित्रे यथातथाच होती, असे ती स्वतःच म्हणते. त्या बैठकीत ठरले की हा प्रकल्प पार्श्वचित्रांचाच करावयाचा. कथा नाही, मिरवणूक नाही. आपली कसबा पेठेतील तांबट आळी, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. लांबी ११० सेकंद, पार्श्वचित्रे ११. हलेल ते एवढेच: भात्याचा धूर, एखादे कबूतर, ओट्यावरून ठिबकणारे पाणी, आणि भिंतीवरून सरकणारे ऊन. हलणारी चित्रे सुमारे ३००. पार्श्वचित्रास आता तीनऐवजी दहा दिवस मिळणार होते, म्हणजे ११० दिवस, आणि हलणाऱ्या चित्रांस १३. चैत्रापर्यंत दीडशे दिवस उरले होते. या वेळी हिशेब अगोदर झाला.

निधीसमितीस तिने रीतसर पत्र लिहून हा बदल कळवला. ते पत्र वाचून आम्ही संतापलो. ज्ञातीचा पैसा ज्ञातीच्या माणसांचा चित्रपट व्हावा म्हणून दिला, आणि ही मुलगी भिंती आणि दगड दाखवणार! सभेत आम्हीच ठराव मांडला की दुसरा हप्ता तूर्त थांबवावा आणि खुलासा मागवावा. ठराव मंजूर झाला. हप्ता पाच आठवडे थांबला. त्याचा परिणाम काय झाला तो पुढे सांगतो.

पाचव्या आठवड्यात आम्ही तिच्या घरी गेलो, ते जाब विचारण्याच्या हेतूने. तिने चहा दिला आणि न बोलता चित्रे मांडली.

पहिले चित्र पूर्वीच्या आराखड्यातील होते. त्यात आळीतील प्रत्येक वीट, प्रत्येक तार, दुकानाची पाटी, नळ, सायकल, सारे सारख्याच ठसठशीतपणे काढलेले. आम्हांस ते फार आवडले. ती म्हणाली, "गुरुजी, यात तुम्ही पहिल्यांदा काय पाहिलेत?" आम्हांस उत्तर देता येईना. मग तिने अंगठ्याएवढी लहान लहान चित्रे दाखवली. नुसता काळा, करडा आणि पांढरा, एवढ्या तीनच छटांत. रंग लावण्याआधी उजेड कोठे पडणार हे अशा चित्रांत ठरवतात. मग तेच दृश्य पुन्हा काढलेले: भिंती राखाडी आणि विटकरी, कडा विरघळलेल्या, विटा दोनचारच; आणि ओट्यावर मठारत ठेवलेला तांब्याचा एकच हंडा झळझळीत. या खेपेस आमची नजर कोठे गेली हे सांगावयास नको.

ही युक्ती तिने कोठून घेतली तेही तिने सांगितले. अमेरिकेत डिस्नेच्या कारखान्यात टायरस वाँग नावाचा चिनी वंशाचा चित्रकार १९३८ पासून कामास होता. काम हलके, दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रे भरून काढण्याचे. 'बॅम्बी' या हरणाच्या चित्रपटासाठी अरण्य काढणे चालले होते, आणि पानन् पान काढल्यामुळे हरिणच त्यात हरवून जाई. वाँगने आपण होऊन काही चित्रे काढून दाखवली. त्यांत झाडी धुक्यासारखी पुसट आणि तपशील फक्त मध्यभागी, जेथे प्राणी उभा तेथे. १९४२ साली चित्रपट आला तो त्याच धोरणाने रंगलेला. जुन्या संगीत नाटकांच्या पडद्यांविषयी ज्यांनी ऐकले आहे, कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी रंगवलेल्या पडद्यांविषयी ज्यांनी वाचले आहे, त्यांस पार्श्वचित्राची कल्पना सहज येईल. भेद एवढाच, की बागेचा एक पडदा चार नाटकांत चाले. येथे त्या दृश्याचे चित्र त्या दृश्यापुरतेच.

"पण माणसे कोठे आहेत?" आमचा मूळ प्रश्न आम्ही सोडला नाही. तिने चौथे चित्र काढले.

त्यात एक रिकामे दुकान आहे. जमिनीत रोवलेला लोखंडी खुंटा, त्यापुढे बसण्याची जागा, बसून बसून गुळगुळीत आणि किंचित खोल झालेली. हातोडे ओळीने मांडलेले. चित्र पाहताना आपण उभे नाही, बसलेलो आहोत, असे वाटते. तिने सांगितले की तांबट जमिनीवर बसून काम करतो, म्हणून तिने क्षितिजाची रेषा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीस घेतली आहे; अकराही चित्रांत आळी त्या उंचीवरूनच दिसते. इतक्यात त्यांच्या शेजारच्या एक वृद्ध मावशी आत आल्या. त्यांनी चष्मा न लावताच चित्राकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हे तर डावखुऱ्या तात्यांचं दुकान!" आम्ही पुन्हा पाहिले. हातोडे सारे खुंट्याच्या डाव्या अंगास होते. तात्या म्हणजे त्या मुलीचे आजोबा. दोन वर्षांपूर्वी वारले. कथेतून तिने काढून टाकले म्हणून आम्ही ज्यांच्यासाठी भांडलो, ते आजोबा हेच.

आमचा राग तेथेच गेला असे म्हटले तर ते अर्धसत्य होईल. ओशाळलेपणा आला, आणि ओशाळलेपणात माणूस आणखी थोडा वाद घालतो. आम्ही विचारले, नुसत्या जागेचा कधी चित्रपट झाला आहे काय? तिने 'द ओल्ड मिल' दाखवला. डिस्नेचाच, १९३७ सालचा. एक पडकी पवनचक्की, तिच्या आश्रयाने राहणारे पक्षी, रात्री उठलेले वादळ आणि पुन्हा उजाडलेली सकाळ. याहून निराळे कथानक नाही. जवळचे, मधले आणि दूरचे चित्र निरनिराळ्या काचांवर रंगवून त्या काचा कॅमेऱ्याखाली अंतराअंतराने ठेवण्याची योजना डिस्नेने या चित्रपटात प्रथम वापरली, म्हणून त्यात खोली भासते. त्यास ऑस्कर पारितोषिकही मिळाले. आता काचा लागत नाहीत, संगणकावर तेच थर एकावर एक ठेवता येतात. थरांची निवड मात्र चित्रकारासच करावी लागते.

त्या आठवड्यात आम्ही समितीस पत्र लिहून आमचा ठराव मागे घेतला आणि हप्ता सुटला. परंतु मधल्या पाच आठवड्यांचे काय? चित्र काढण्याची तिची विजेची पाटी बिघडली होती आणि दुरुस्तीस पैसे नव्हते. ते जमवण्यासाठी तिने सकाळच्या वेळी मुलांच्या चित्रकलेच्या शिकवण्या धरल्या. सकाळची वेळ हीच आळीत बसून उजेड टिपण्याची वेळ होती. आळी अरुंद, ऊन तेथे उतरते ते थोडा वेळ, आणि दर महिन्यास त्याची जागा बदलते. अकरांपैकी दोन चित्रे कोपऱ्यावरच्या जुन्या वाड्याची व्हावयाची होती: एक दिंडीदरवाजाचे, दुसरे मागल्या चौकातील आडाचे. तो वाडा पाडावयाचा आहे हे सर्वांस ठाऊक होते; इतक्या लवकर, हे कोणास ठाऊक नव्हते. पाटी दुरुस्त होऊन ती पुन्हा कोपऱ्यावर गेली त्या दिवशी तेथे निळे पत्रे ठोकलेले होते आणि आत खांब उतरवणे चालू होते. छायाचित्रांवरून करावे असे आम्ही सुचवले. ती म्हणाली, छायाचित्रात दरवाजा आहे, पण सकाळी आठ वाजता त्याच्या पितळी कड्यावर ऊन कसे येते ते नाही, आणि मला तेवढेच हवे होते.

म्हणून चित्रे नऊच झाली. आवाक्याची पहिली काटछाट तिची आणि तिच्या अध्यापकांची, विचारपूर्वक केलेली. ही दुसरी आमची आहे, आणि ती या समारंभात नोंदवून ठेवणे आम्हांस अवश्य वाटले. सुटलेल्या दिवसांत तिने आहेत त्याच चित्रांवर पुन्हा हात फिरवला. भट्टीचे चित्र तिने तीनदा काढले. तांबे ठोकून ठोकून कडक होते, मग त्यास तापवून मऊ करावे लागते. तापले की काळवंडते आणि चिंचेने घासले की पुन्हा गुलाबी-तांबूस होते. आपल्या घरांत हे सर्वांच्या हातांखालून गेले आहे, पण ते तीन रंग एकापुढे एक असे मांडलेले आम्ही प्रथमच पाहिले. नववे चित्र मूळ आराखड्यात नव्हते. त्यात काय आहे ते आता आपण पाहालच.

समितीस एक सूचना करून ठेवतो. पुढील वर्षापासून अशा कामासाठी अर्ज येईल तेव्हा अर्जदारास दिवसांचा हिशेब मागावा, आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा तपासून आवाका बदलण्याची मुभा अर्जातच द्यावी. बदल कळवणाऱ्याचा हप्ता थांबवू नये. ठरावाचा मसुदा आम्ही कार्यवाहांकडे दिला आहे.

आता चित्रपट दाखवण्यात येईल. लांबी ११० सेकंद आहे. त्यात संगीत नाही. आळीत प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित केलेले हातोड्यांचे आवाज आहेत, आणि तिसऱ्या चित्रात ते फार दुरून येतात. तेवढ्यापुरते पंखे बंद करावेत आणि मागील बाजूचे दिवे मालवावेत, अशी व्यवस्थापकांस विनंती आहे. मावशींस पुढील रांगेत खुर्ची द्यावी.