प्रवाळांचें पाणी

गेल्या वर्षीं सिंगापूरला मुलाकडे चार महिने राहिलों. दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची कांचेची टांकी, आणि तींत जिवंत प्रवाळें. माशांना चारा घालण्याचें काम मजकडे आलें. वर्गांत गुण देतांना मी कृपण. येथें मात्र हात सढळ सुटला.

महिन्याभरांत कांचेवर हिरवें शेवाळ चढलें, प्रवाळें तपकिरी पडलीं. पाणी तपासलें तों फॉस्फेट लिटरमागें ०.५ मिलिग्रॅम! तें साधारण ०.१ च्या आंत असावें. उरलेला चारा कुजला कीं त्यांतून फॉस्फेट सुटतें. तें शेवाळास पोसतें आणि प्रवाळाच्या चुन्याच्या सांगाड्याची वाढ रोखतें.

मुलानें घाईनें लोह-ऑक्साइडचे दाणे घातले, तेही भरपूर. दोन दिवसांत फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आलें, आणि दोन प्रवाळांचें मऊ अंग गळून पांढरा सांगाडा उघडा पडला. एकाएकीं झालेला हा बदल त्यांना सोसला नाहीं. तें पाहून मला दोन दिवस अन्न गोड लागलें नाहीं.

मग दाणे थोडे, दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी नवें, गाळीव पाण्यांत समुद्रमीठ कालवून केलेलें, आणि चारा चिमूटभर, असा क्रम धरला. तरी आंकडा पुन्हा चढे. कारण टांकींतील दगड व वाळू आधीं शोषलेलें फॉस्फेट हळूहळू परत सोडतात. मी निघालों त्या दिवशीं तो ०.०८ होता. चाऱ्याचा डबा आतां सूनबाईंच्या ताब्यांत आहे.