खोलीचा पत्ता आणि बोगदा



पाटण खोऱ्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. तिथं गावाची एक खोली असायची आणि तीत पंधरा-वीस जण राहायचे. पत्रावर पत्ता खोलीचा; पत्र कोणाचं, ते नावावरून कळायचं.

आज दुकानातला राउटर अशीच खोली चालवतो. आत संगणक, कॅमेरा, चार मोबाईल. बाहेर पत्ता एक. याला नॅट म्हणतात. इंटरनेटचे जुने पत्ते सुमारे 430 कोटी, ते पुरणार कसे? म्हणून ही सोय झाली. आतून कोणी बाहेर निरोप धाडला की राउटर वहीत नोंद करतो आणि उत्तर आलं की वही बघून ज्याचं त्याला देतो. नोंद नसताना बाहेरून कोणी आलं, तर दारातूनच परत.

व्हीपीएन जोडताना घोडं इथंच अडतं. व्हीपीएन म्हणजे दोन कार्यालयांमधला कुलूपबंद बोगदा. कोयनेचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीखालून पोफळीला जातं, तशी आपली माहिती परक्या जाळ्यातून झाकून न्यायची.

एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे आलं. मुख्य कार्यालय पाटणला, तिथं कायमचा पत्ता. शाखा ढेबेवाडीकडे, तिथं मोबाईलच्या सिमवरचं इंटरनेट. पाटणहून शाखेला हाका मारून काही होईना. सिमवर तर खोलीच्या आत खोली असते: आपला राउटर एक, कंपनीचा दुसरा. मग उलटं केलं. शाखेनं पाटणला हाक मारायची. पाटणला एकच दार ठेवलं, तेही किल्ली ओळखल्याशिवाय न बोलणारं. बोगदा लगेच जुळला.

पण रोज जेवणाच्या सुट्टीनंतर तो मेलेला! कारण साधं होतं. बोलणं थांबलं की राउटर वहीतली नोंद पुसतो, कधी अर्ध्या मिनिटातच. शाखेनं दर 25 सेकंदांनी एक छोटा निरोप पाठवावा, एवढी एक ओळ वायरगार्ड या व्हीपीएनच्या प्रोग्रॅममध्ये लिहिली. त्यानंतर बोगदा दुपारीही उघडा राहिला.

आयपीसेक या व्हीपीएनच्या जुन्या पद्धतीत आणखी एक अडचण होती. तिच्या मोहोरबंद पाकिटावर पोर्टचा आकडा, म्हणजे पत्रावरच्या नावासारखी खूण, नसतो. मग खोलीतल्या कोणाचं ते, हे राउटरला कसं कळावं? 2005 साली त्यावर रीतसर तोड निघाली: ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालायचं आणि वर 4500 हा आकडा टाकायचा. दोन्ही बाजूंना नॅट असेल, तर उघड पत्त्याचा एखादा सर्व्हर मध्ये घेणं हाच खात्रीचा मार्ग.

दोन्ही कार्यालयांत आतले पत्ते 192.168.1 नेच सुरू होत असतील, तर एका बाजूचे आधी बदला. नाहीतर पाटणचा प्रिंटर की ढेबेवाडीचा, हे संगणकाला कळणार नाही.

शेवटी एक कळकळीची विनंती. हे सगळं टाळायला काहीजण कॅमेरा किंवा हिशेबाचा संगणक राउटरमधून थेट जगाला उघडा करून ठेवतात. असं दार रात्रंदिवस कोणीतरी ढकलून बघत असतं. तुमच्याकडे असं दार उघडं असेल, तर हे भाषण संपताच ते आधी बंद करा.