पुण्याचा संघ, द्वारकेचं कोर्ट

मी मूळ पुण्याचा, आता दिल्लीत द्वारकेला असतो. 2015मध्ये यूबीए ही व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. आठ संघ, त्यात एक ‘पुणे पेशवाज’! नाव ऐकून आधी हसलो, मग एकही सामना सोडवेना. 2017नंतर मात्र लीगच थांबली. आपल्याकडे खेळाडूचं पोट भरतं ते मुख्यतः रेल्वे, सेनादल, ओएनजीसी यांच्या नोकरीवर.

हे सगळं सांगायचं कारण माझी मुलगी. रोज सोसायटीच्या कोर्टवर असते. परवा विचारलं, “बाबा, यावर घर चालतं?”

म्हटलं, “रेल्वेत खेळाडूंची भरती होते.”

“म्हणजे आधी टीसी व्हायचं?”

खरं सांगू? उत्तर सुचलं नाही. चेंडू तिच्याकडे टाकला.