उस्तादाला ‘नाही’ म्हणता येतं का?



मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, यावर काम करू पाहणाऱ्या मुलामुलींना नैतिकता कशी शिकवायची, असा विषय मला दिला आहे. मी सॉफ्टवेअरवाला. तरी हो म्हटलं, कारण आपल्या घरांत हा विषय निघाला की एकच सवाल येतो: हलाल की हराम?

त्यावर बरंच काम झालेलं आहे. इराणमध्ये 2002 मध्ये फतव्याने भ्रूणांवरच्या संशोधनाला परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तेहरानच्या रोयान संस्थेने मानवी भ्रूणाच्या मूलपेशी वाढवल्या. त्याच वर्षी मक्केच्या फिकह कौन्सिलने वंध्यत्वाच्या उपचारात उरलेली भ्रूणं, जोडप्याच्या संमतीने, संशोधनासाठी वापरायला मुभा दिली. रूह 40 दिवसांनी येते की 120, यावर उलेमांत मतभेद आहेत. भारताच्या मार्गदर्शक सूचना तर प्रयोगशाळेत भ्रूण 14 दिवसांपुढे वाढवूच देत नाहीत.

प्रयोगशाळेत शिरल्यावर मात्र वेगळा सवाल समोर येतो. तो कोरियात आला.

सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे ह्वांग वू-सुक. क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून मूलपेशी मिळवल्याचा दावा त्यांनी 2004 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केला. 2005 मध्ये अशा आणखी 11 पेशीमालिकांचा दावा आला. सरकारने टपाल तिकीट काढलं. या कामाला स्त्रीबीजं लागतात, आणि ती काढायची तर बाईला हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागतात, त्रास होतो, कधी दवाखान्यात भरती व्हावं लागतं. प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थिनीने आपण स्वतःचं बीज दिल्याचं ‘नेचर’च्या वार्ताहराला सांगितलं. थोड्याच वेळात तिने फिरवलं: माझं इंग्रजी कच्चं आहे, गैरसमज झाला. पुढे विद्यापीठाच्या चौकशीत निघालं की प्रयोगशाळेतल्या मुलींना संमतीचे अर्ज वाटून सह्या घेतल्या होत्या.

आता सांगा, ही संमती झाली का? कागदावर झाली. पण अर्ज देणाऱ्याच्याच हातात तुमची पीएचडी आहे, शिफारसपत्र आहे, पुढची नोकरी आहे. आपल्याला लहानपणापासून उस्तादाचा अदब शिकवतात. मलाही तो प्यारा आहे. पण अशा जागी ‘नाही’ म्हणायचा सराव आपल्याला कुणी दिलेला नसतो.

हे सगळं उघडकीला आणलं तेही तरुणांनीच. त्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या र्यू यंग-जून या डॉक्टरने 2005 च्या जूनमध्ये टीव्ही वाहिनीला पत्र लिहिलं; पाठीच्या कण्याला इजा झालेल्या एका 10 वर्षांच्या मुलावर उपचाराचा प्रयोग होणार होता, ते त्याला बघवेना. डिसेंबरमध्ये काही तरुण संशोधकांनी, नाव न सांगता, इंटरनेटवर दाखवून दिलं की निबंधातले वेगवेगळे म्हणून छापलेले फोटो एकच आहेत. चौकशीत 11 च्या 11 पेशीमालिका खोट्या ठरल्या आणि जानेवारी 2006 मध्ये दोन्ही निबंध मागे घेतले गेले. 2,000 हून जास्त स्त्रीबीजं वापरली होती. र्यूला नोकरी सोडावी लागली, काही महिने लपून राहावं लागलं. देशाभिमानाने लोक इतके पेटले होते की आधी वाहिनीच्याच जाहिराती बंद पडल्या. (देशद्रोही ठरवायला किती वेळ लागतो, हे इथे बसलेल्यांना मी काय सांगू?)

आमच्या धंद्यात सहा महिन्यांपूर्वी लागलेली पोरगीही साहेबाच्या कोडवर ‘हे चुकतंय’ असं लिहू शकते. तिला त्यासाठी हिंमत गोळा करावी लागत नाही. दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोड पुढे जाऊच नये, अशी पद्धतच असते. विज्ञानाच्या शिक्षणात मला हेच हवं आहे. भारतात पीएचडीसाठी संशोधन-नैतिकतेचा 30 तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. चांगलं आहे, पण तो पास होऊनही गाईडसमोर तोंड उघडत नसेल तर ते तास हजेरीपुरतेच.

तुमच्यातलं कुणी उद्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात किंवा आणखी कुठे जाईल. रुजू होण्याआधी तिथल्या सीनियर मुलांबरोबर चहा प्या आणि तीन गोष्टी विचारा. मूळ नोंदी आणि फोटो कुणाकडे राहतात? मूलपेशी संशोधनासाठी संस्थेत वेगळी समिती असावी लागते. तिच्यात बाहेरचं कोण बसतं? आणि गाईडबद्दलच तक्रार असेल तर कुणाकडे जायचं? तिसऱ्या सवालाला मुलं एकमेकांकडे बघून हसली, तर दुसरी प्रयोगशाळाही बघून घ्या.